अडीच क्विंटल पुंगळ्या आणि हरवलेला हिशेब

उत्तर प्रदेशातील रामपूरच्या काडतूस प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने २४ जणांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत बहुतेक पोलीस, पीएसी आणि सीआरपीएफचे कर्मचारी होते. सरकारी शस्त्रागारातली जिवंत काडतुसे बाहेर विकल्याचा हा मामला. २०१० मध्ये छापे पडले तेव्हा जिवंत काडतुसांसोबत रिकाम्या पुंगळ्याही सापडल्या. बातम्यांत त्यांचा आकडा आला तो किलोत, सुमारे अडीच क्विंटल!

आता अडीच क्विंटल म्हणजे नेमक्या किती गोळ्या? इन्सास रायफलची रिकामी पितळी पुंगळी साधारण ६ ग्रॅमची असते. त्या हिशेबाने ४१ हजारांहून जास्त. एसएलआरची पुंगळी १२ ग्रॅमच्या आसपास धरली तर जेमतेम २१ हजार. आणि ९ एमएम पिस्तुलाची, ४ ग्रॅमची धरली तर थेट साडेबासष्ट हजार. वजन तेच, पण आकडा तिप्पट होतो. म्हणून आधी प्रकार वेगळे करायचे, प्रत्येकातल्या शंभर मोजून तोलायच्या, मगच ढीग तोलायचा. पुंगळीच्या बुडाला कारखान्याची खूण आणि साल असते, तेही टिपायचे. यात अवघड असे काही नाही.

मग पुंगळीला एवढे महत्त्व का? सरावात गोळी झाडली की रिकामी पुंगळी शस्त्रागारात जमा करावी लागते. झाडलेल्या गोळीचा तोच पुरावा. आता समजा, शंभर जिवंत काडतुसे चोरली आणि कुठून तरी आणलेल्या शंभर रिकाम्या पुंगळ्या जमा केल्या. नोंदवही चोख राहते आणि चोरी सरावात खपून जाते! पुंगळ्या भंगारासारख्या ढिगाने तोलल्या तर फसवणूक आणखी सोपी.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० जण मारले गेले, त्यातले ३५६ पोलीस गोळीबारात, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. गोळीबार कुठेही होवो, किती राऊंड झाडले हे सांगणारी वही पोलिसांचीच असते. ती वही खरी की खोटी, हे पडताळायला घरच्यांच्या हाती पुंगळीशिवाय काय असते?

कुरआनने मापात पाप करणाऱ्यांना 'अल-मुतफ्फिफीन' या सूरहमध्ये सक्त ताकीद दिली आहे. ती फक्त किराणा दुकानदारासाठी नाही. सरकारी काडतूस ही जनतेची अमानत आहे. आमची मागणी साधी आहे: पुंगळ्या प्रकारवार मोजा, बुडावरची खूण नोंदवा, तपासणी बाहेरच्या यंत्रणेकडून करून घ्या, आणि गोळीबारानंतरचा पंचनामा आकड्यात लिहा, किलोत नको. हिशेब साफ असेल तर प्रामाणिक शिपायालाही त्याचीच ढाल मिळेल.