टक्केवारी नको, किलो सांगा!

नॅप्थलीनच्या गोळ्यांना आपण डांबरगोळ्या म्हणतो ते उगाच नाही. नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातून निघतं.

हवा न लागू देता कोळसा तापवला की गॅस आणि डांबराची वाफ सुटते, मागे सच्छिद्र कोळसा उरतो. ती वाफ याच कोळशावरून नेली की जड रेणू तुटून हलकं तेल मिळतं. निकेलसारखा महागडा धातू नको, घरचाच कॅटॅलिस्ट! छिद्रं बुजली तर जाळायला मोकळे. आयडिया झकास आहे.

पण मंडळी, आकड्यांना भुलू नका. समजा, १०० किलो डांबरात हलकं तेल ५० टक्के होतं, ते ७० टक्के झालं. मात्र बाकीच्याचा गॅस आणि काजळी होऊन डांबर उरलं ७० किलो. म्हणजे तेल ४९ किलो! कागदावर वाढ, बादलीत घट. म्हणून कॅटॅलिस्टची बढाई ऐकली की मी एकच विचारतो, टनामागे तेल किती किलो?