खाटेमागे एक जण : अतिदक्षता परिचारिकांचा जाहीरनामा

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या सरकारी आणि खाजगी इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत राबणाऱ्या परिचारिका आणि परिचारक. कुणी सिस्टर म्हणतं, कुणी ब्रदर, कुणी अक्का. आजवर रुग्णांच्या वतीने बोललो. आज स्वतःसाठी बोलतो.

हा जिल्हा कपाशीचा. पावसाळा लागला की फवारणीचं विष अंगात भिनलेले शेतकरी येतात, विष प्यालेलेही येतात. मण्यार चावलेलं पोर येतं. आधी पापण्या मिटतात, मग श्वास मंदावतो. फवारणीच्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन किती गेलं, बाहुल्या किती उघडल्या, छातीत घरघर आहे का, हे घडीघडीला पाहावं लागतं. यंत्र नुसतं ओरडतं, धावतो आम्हीच. हैदराबाद इथून सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. ‘पुढे न्या’ म्हणणं सोपं नाही. उलट पांढरकवड्याहून, किनवटहून रुग्ण इकडेच येतात. त्यांच्या माणसांशी आम्ही मराठीत बोलतो, तेलुगूत बोलतो, गोंडी आणि बंजारा बोलीत मोडकंतोडकं समजावतो. हे काम कुठल्याच रोस्टरवर नसतं.

समाधानाबद्दल विचाराल, तर ते या कामात भरपूर आहे. श्वासाची नळी निघाल्यावर रुग्ण घोगऱ्या आवाजात चहा मागतो, तेव्हा रात्रभराचा शीण उतरतो. ते समाधान हरवतं कुठे, तेही सांगतो. एकीच्या वाट्याला चार खाटा आल्या की दर तासाची नोंद दर तासाला होत नाही. पहाटे पाचला मागचे तीन रकाने अंदाजाने भरले जातात. हे आम्ही केलं आहे, आणि त्याची टोचणी घरी घेऊन गेलो आहोत. घर आणि नोकरी यांचा मेळ तिथेच बिघडतो. योगवर्गाने तो सांधणार नाही. माणसं वाढवली तरच सांधेल.

कोविडच्या साथीत आमच्या सन्मानासाठी ३ मे २०२० रोजी देशभरातल्या इस्पितळांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. फुलांनी रोस्टर भरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात दर पाळीला खाटेमागे एक जण, वर रजेसाठी ३० टक्के जादा. दहा खाटा, तीन पाळ्या, म्हणजे ३९ जण. हा हिशेब प्रत्येक विभागाच्या दारावर लावा.

२. रोस्टर महिनाभर आधी. नाइट उतरलेला दिवस ‘ऑफ’ म्हणून मोजू नका; ती झोप आहे, सुट्टी नव्हे.

३. विचारल्याशिवाय डबल ड्यूटी नाही. केली तर तिचा मोबदला किंवा बदली सुट्टी.

४. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. ते नाइटलाही उघडं राहावं.

५. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० हून कमी खाटांच्या खाजगी इस्पितळांतही महिना किमान २०,००० रुपये पगार सुचवला. तो द्या.

६. रुग्ण दगावला की खाट पुसून लगेच पुढचा रुग्ण हाती येतो. मधली पंधरा मिनिटं आमची असू द्या. नातेवाइकांच्या संतापापुढे एकट्या सिस्टरला उभं करू नका.

७. डिसेंबरच्या थंडीत नाइटला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी इस्पितळाची गाडी.

आमचाही शब्द घ्या. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सोडून आम्ही आंदोलनाला बसणार नाही. पुढच्या पाळीला ओव्हर दिल्याशिवाय पाळी सोडणार नाही. आणि यापुढे न पाहिलेला आकडा चार्टवर लिहिणार नाही. पाहता आलं नाही तर रकाना कोरा ठेवू आणि शेजारी लिहू : ‘खाटा चार, सिस्टर एक.’ कोरा रकाना हेच आमचं निवेदन.

डॉक्टरांनो, त्या रकान्याखाली सही करा. नातेवाइकांनो, रागावण्याआधी विचारा की या पाळीला किती जण आहेत. मैत्रिणींनो, मित्रांनो, १२ मेच्या परिचारिका दिनी केक कापून घरी जाऊ नका. गेल्या तीन महिन्यांच्या रोस्टरची प्रत घेऊन या. सही तिच्यावरच घेऊ.