सोबत कोण आहे?

कळमन्याच्या बाजारात दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया दुपारी सावलीत टेकल्या, की गप्पा कुठेही जातात. परवा त्या कैलास-मानसरोवरला गेल्या. पाच वर्षे बंद असलेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. लिपुलेखच्या सतरा हजार फुटी खिंडीतून सीमा ओलांडायची, पलीकडे तकलाकोट आणि मग तिबेटचे थंड, कोरडे, उजाड पठार. एकीने विचारले, "एकल्या बाईले जाता येते काय जी ताई?"

येते. सरकारी अर्जात वय विचारतात, तब्येत तपासतात, पासपोर्ट मागतात. नवऱ्याची संमती कोणी मागत नाही. पासपोर्टसाठीची लग्नाच्या दाखल्याची अटही डिसेंबर २०१६ मध्ये गेली. घटस्फोटित वा विभक्त बाईला नवऱ्याचे नावसुद्धा द्यावे लागत नाही.

अडते ते घरात. पैशांची अडचण खरीच आहे, पण पैसेवाल्या घरांतही पहिला प्रश्न "सोबत कोण आहे?" हाच. मुलगा मोटारसायकलवर लडाखला निघाला तर गल्ली हार घालते. मुलीने तेच म्हटले की घरात सुतक.

हे चोचले आहेत, असे आपल्याच काही कार्यकर्त्यांना वाटते. मला पटत नाही. रात्री घराबाहेर पडण्याचा हक्क मागणाऱ्या आपण, देशाच्या वेशीपाशी का थांबावे? रेशनकार्डांबरोबर पासपोर्टचेही अर्ज आपल्या केंद्रांत भरले जावेत.

त्या बाईने घरी अजून सांगितलेले नाही. अर्ज मात्र आम्ही भरून टाकला.