बाग टिकते ती राबत्याने

दिल्लीची थंडी ओसरू लागली, की रविवारी सकाळपासून तिथल्या बागा भरून जातात. कुणी सतरंजी अंथरतो, कुणी डब्यातले मुळ्याचे पराठे काढतो, कुणी पाठीवर ऊन घेत संत्री सोलत बसतो. लहान मुले चेंडूमागे धावतात आणि आजीआजोबा त्यांच्यावर नजर ठेवत गप्पा मारतात. मे महिन्यात भाजणाऱ्या आणि नोव्हेंबरात धुरक्याने कोंडणाऱ्या या शहराला वर्षातले हेच काही आठवडे मोकळ्या हवेचे मिळतात.

पण चार बाकडी टाकली आणि हिरवळ लावली, की बाग होत नाही. लोक तिथे कशासाठी येतात आणि तिला आपली मानतात का, यावर तिचे आयुष्य ठरते. राजधानी आणि तिच्या परिसरातल्या तीन बागा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

हिरवळीवरची मैफल

पहिली चाणक्यपुरीतली नेहरू पार्क. परदेशी वकिलातींच्या शेजारची ही बाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे आहे. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली ‘स्पिक मॅके’ ही संस्था सुरू केली. शास्त्रीय संगीत तरुणांपर्यंत न्यायचे, तेही तिकिटाविना, हा तिचा हेतू. याच संस्थेने नगरपालिका परिषदेच्या साथीने नेहरू पार्कमध्ये उघड्यावरच्या मैफली भरवल्या. ना आमंत्रणपत्रिका, ना राखीव खुर्च्या. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने हिरवळीवर बसावे. सभागृहाची पायरी कधी न चढलेला माणूसही चपला बाजूला काढून सतार ऐकत बसतो.

अशा मैफलींनी बागेला माणसे मिळतात, हे खरे. पण श्रोता शेवटी पाहुणाच. गाणे संपले, की सतरंजी झटकून तो घरी जातो. उद्या या बागेवर काही संकट आले, तर तो धावून येईल का?

राडारोड्यातून उद्यान

दुसरी बाग हुमायूनच्या मकबऱ्याला लागून असलेली सुंदर नर्सरी. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली, तेव्हा तिच्या रस्त्यांच्या कडेला कोणती झाडे तग धरतील याची चाचणी घेण्यासाठी इथे रोपवाटिका केली. पुढे तिची दुर्दशा झाली. मोगलकालीन वास्तू पडझडीला आल्या, आवारात बांधकामाचा राडारोडा साचला. निजामुद्दीनच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या हजारो लोकांना या भिंतीपलीकडे काय आहे, याची कल्पनाही नव्हती.

२००७ साली आगाखान सांस्कृतिक न्यासाने पुरातत्त्व खाते, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते आणि महापालिका यांच्याशी करार केला. राडारोडा हटला, वास्तूंची डागडुजी झाली. उद्यानरचनाकार मोहम्मद शहीर यांनी कारंजी आणि पाण्याचे पाट असलेला लांबच लांब मार्ग आखला. सुमारे ९० एकरांचे हे उद्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हा शहीर मात्र ते पाहायला नव्हते. २०१५ सालीच त्यांचे निधन झाले होते. आता इथे सुमारे ३०० जातींची झाडे आहेत. मैफली होतात, सेंद्रिय भाजीपाल्याचा बाजार भरतो.

या कामाची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतही याच प्रकल्पातून शाळा, दवाखाना आणि छोट्या बागा यांची सुधारणा झाली. बस्तीतल्या बायकांनी घरचे पदार्थ बनवून विकण्यासाठी ‘जायका-ए-निजामुद्दीन’ हा गट उभारला. वास्तू सुधारताना शेजारचा माणूस विसरून चालत नाही, हे इथे ध्यानात ठेवले गेले. तरी एक गोष्ट उरतेच. या बागेत जाण्यासाठी तिकीट काढावे लागते. निगराणीचा खर्च त्यातून निघतो, हे मान्य. पण पाच माणसांच्या गरीब कुटुंबाला दारावरच हिशेब करावा लागतो.

खाणीवर उगवलेले रान

तिसरी बाग दिल्लीच्या सीमेवर, गुरुग्राममध्ये आहे. अरवली जैवविविधता उद्यान हे तिचे नाव. क्षेत्र साडेतीनशे एकरांहून अधिक. अरवलीच्या या भागात पूर्वी दगडाच्या खाणी होत्या, खडी फोडणारी यंत्रे दिवसभर धडधडत. खाणी थांबल्या तेव्हा मागे राहिले खड्डे, उघडा खडक आणि वेड्या बाभळीचे जंजाळ. ही बाभूळ मूळची अमेरिकेतली. ती एकदा माजली, की स्थानिक झाडाला डोके वर काढू देत नाही.

२०१० साली ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महापालिकेच्या साथीने इथे झाडे लावायला घेतली. लतिका ठुकराल या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. रानाचे काम विजय धस्माना यांनी हाती घेतले. त्यांनी शोभेची परदेशी झाडे आणली नाहीत. अरवलीत मुळात काय उगवत होते, याचा शोध घेतला. ती रोपे बाजारात मिळेनात. मग मंगरबनीसारख्या राखलेल्या देवराईतून आणि इतर डोंगरांतून बिया गोळा केल्या आणि उद्यानातच रोपवाटिका सुरू केली. धव, साळई, पळस, खैर अशी शेकडो जातींची रोपे तिथे वाढली.

लावायला हात आले ते शहरातून. शाळेतली मुले आली, वसाहतींमधली कुटुंबे आली, कंपन्यांचे कर्मचारी सुटीच्या दिवशी कुदळ घेऊन आले. खडकात खड्डा खणणे म्हणजे काय, हे संगणकापुढे बसणाऱ्या अनेकांना पहिल्यांदाच कळले असेल. ज्याने रोप लावले, तो पुढच्या पावसाळ्यात ते जगले का, हे पाहायला पुन्हा आला. येताना शेजाऱ्यालाही घेऊन आला.

या श्रमांची कसोटी पुढे लागली. दशकाच्या अखेरीस या उद्यानातून वाहतुकीचा मोठा रस्ता नेण्याचा बेत पुढे आला. तेव्हा विरोधाला उभे राहिले ते फक्त पर्यावरणाचे अभ्यासक नव्हते. इथे झाडे लावलेली कुटुंबे मुलाबाळांसह फलक घेऊन आली. सरकारदरबारी तो तुकडा म्हणजे नकाशावरची एक मोकळी जागा होती. या लोकांसाठी तिथे आपल्या हाताने लावलेले पळसाचे झाड होते. उद्यान रस्त्याखाली गेले नाही. उलट २ फेब्रुवारी २०२२ रोजी, जागतिक पाणथळ दिनी, अभयारण्य नसूनही निसर्ग जपणारे देशातले पहिले क्षेत्र म्हणून त्याला मान्यता मिळाली.

आपल्या गावातही

बाग पाहुण्यांच्या गर्दीने फुलते. पण टिकते ती घरच्यांच्या राबत्याने. मैफली व्हाव्यात, बाजार भरावेत, मुलांच्या स्पर्धा व्हाव्यात. त्यासोबत वर्षातून एखादा दिवस तरी लोकांच्या हाती कुदळ, झारी किंवा झाडू द्यावा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुंबईत धारावीलगत कचऱ्याच्या जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारी कितीतरी माणसे रोपांसाठी पाण्याचा कॅन घेऊन चढ चढतात. ज्या गावात नगरपालिकेची बाग कुलूप लावून पडली आहे, तिथल्या महिला मंडळाने, ज्येष्ठ नागरिक संघाने एवढे करून पाहावे. पालिकेकडे पत्र द्यावे, एक कोपरा मागून घ्यावा, त्यात त्या मातीतली दहा झाडे लावावीत आणि दर रविवारी तिथे जावे.

मग कधी कुणी त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायला निघाला, तर आधी त्या दहा झाडांच्या धन्यांना विचारावे लागेल.