मुलांना माती परत द्या

आमच्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा होती. मधोमध वडाचं झाड, एका बाजूला मातीचा ढिगारा. शाळा सुटली की पोरं तिथंच. निवडणुकीच्या तोंडावर तिचं 'सुशोभीकरण' झालं. मातीवर पेव्हर ब्लॉक आले, एक घसरगुंडी, ओपन जिम, कुंपण आणि हसऱ्या चेहऱ्यांचा फलक आला. 'कचरा होतो' म्हणून वडाच्या पारंब्या छाटल्या. आता दुपारी घसरगुंडीचा पत्रा भाजतो आणि पोरं उभ्या रिक्षांच्या मधून क्रिकेट खेळतात.

याला आपण विकास म्हणतो, वर सत्कारही करतो. माझा आक्षेप इथंच आहे.

सूरपारंब्या हा खेळ कुणी विकत आणला नव्हता. वड होता म्हणून तो खेळ होता. गोट्यांना गल करायला माती लागते, विटीदांडूला गल्ली कोरावी लागते. सिमेंटवर यातलं काहीच जमत नाही. घसरगुंडीवर मूल दहा वेळा घसरतं आणि कंटाळतं. माती, पाणी आणि काटक्या मिळाल्या तर ते संध्याकाळपर्यंत उठत नाही, कारण तिथं खेळ त्यालाच शोधावा लागतो.

ही केवळ जुन्या आठवणींची हळहळ नाही. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांना दिसलं, की मुलं बांधीव क्रीडांगण सोडून इतरत्रच जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेतून 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनजवळ एम्द्रुप इथं भंगार लाकूड, विटा आणि मातीचं मैदान उभं राहिलं. युद्धानंतर लेडी अ‍ॅलन यांनी तीच कल्पना ब्रिटनमध्ये, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर रुजवली. फिनलंडमधल्या संशोधकांनी काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत आणून टाकलं. अवघ्या 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित चांगले बदल दिसले. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. आपण मात्र 'मातीत जाऊ नको, आजारी पडशील' म्हणत मुलाच्या हातात मोबाईल देतो.

खेळणं हा मुलाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं 31वं कलम तेच सांगतं आणि भारताने 1992 मध्ये हा करार स्वीकारला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान हवं. प्रत्यक्षात मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा नाही. दाट वस्त्यांत तर तेवढीही नाही.

पण सगळा दोष पालिकेचा नाही. जी जागा उरली, तिथं गाड्या कोण लावतं? लग्नाचा मंडप टाकून खिळे आणि खरकटं कोण सोडून जातं? आणि मुली? दहा-अकरा वर्षांची झाली की तिला 'आता घरात बस' कोण म्हणतं? मैदान मोठ्या मुलांच्या क्रिकेटने अडवलं, की लहानग्यांसाठी आणि मुलींसाठी तिथं कोपराही उरत नाही. याचा जाब आपणच द्यायचा आहे.

कुणी म्हणेल, मूल पडेल, डास होतील. रास्त आहे. पाणी साचू देऊ नका, काचा-खिळे रोज उचला, एक मोठं माणूस लक्ष ठेवायला बसू द्या. पण गुडघा फुटण्याच्या भीतीने बालपणच फरशीखाली गाडू नका.

फार काही लागत नाही. वाळूचा एक ढीग, मातीचा उंचवटा, छाटलेल्या झाडांचे ओंडके, सावलीला कडुलिंब आणि जांभूळ, पाण्याचा एक नळ. हे पेव्हर ब्लॉकपेक्षा स्वस्तच पडेल. अडचण एकच, यात ठेकेदाराला फारसं काही मिळत नाही आणि उद्घाटनाची फीत बांधायला जागा नसते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी मतं मागायला आलं आणि 'तुमच्या मोहल्ल्यात गार्डन करून देतो' म्हणालं, तर एवढंच सांगा: साहेब, फरशी नको. माती राहू द्या आणि झाडाला हात लावू नका. बाकीचं आमची पोरं बघून घेतील.