कर सगळ्यांचा, स्टेशन कुणाचे?

"अमेरिकेत बघा, लोक स्वतः मतदान करून स्वतःवर कर लावून घेतात आणि त्यातून रेल्वे उभी करतात. आपल्याकडे सगळे दिल्लीच्या तोंडाकडे बघत बसतात." शहरांच्या वाहतुकीवर चर्चा निघाली की सुशिक्षित मित्रमंडळींकडून हे आम्हाला हमखास ऐकावे लागते. आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारी माणसे. बससाठी तासभर उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. रेल्वेला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. पण ज्या व्यवस्थेची आरती ओवाळली जाते तिचा हिशेब मांडल्याशिवाय आम्ही टाळ्या वाजवणार नाही.

व्यवस्था साधी आहे. अमेरिकेत काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथे दुकानातल्या खरेदीवर अर्धा किंवा एक टक्का जादा विक्रीकर लावायचा आणि तो पैसा लोकल गाड्या व बससाठी राखून ठेवायचा, असा प्रस्ताव मतदानाला टाकतात. लॉस एंजेलिस काउंटीने १९८०, १९९०, २००८ आणि २०१६ असा चार वेळा अर्धा-अर्धा टक्का कर मंजूर केला.

आता हिशेब. समजा, एका घराचे महिन्याचे उत्पन्न २,००० डॉलर आहे आणि त्यातले १,२०० डॉलर करपात्र खरेदीत जातात. एक टक्क्याने कर झाला १२ डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या ०.६ टक्के. दुसऱ्या घराचे उत्पन्न १२,००० डॉलर आणि खरेदी ३,००० डॉलरची. त्याचा कर ३० डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या ०.२५ टक्के. श्रीमंताने रक्कम जास्त दिली, पण उत्पन्नातला वाटा गरिबाच्या निम्म्याहून कमी दिला. उरलेल्या पैशांतून तो शेअर घेतो, घर घेतो. त्यावर हा कर नाही. साबण, चपला, पोरांचे कपडे यावर मात्र आहे. जॉर्जिया राज्यात तर राज्याचा विक्रीकर किराण्याला माफ आहे, पण स्थानिक विक्रीकर किराण्यालाही लागतो!

कर माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावा, ही गोष्ट आम्हाला अमेरिकेकडून शिकायची नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी लहान शेतकरी आणि मोठा जमीनदार यांना एकाच मापाने मोजणाऱ्या शेतसाऱ्यावर बोट ठेवले होते. सगळ्यांना एकच दर लावला म्हणजे समता झाली, हा भ्रम त्यांनी तेव्हाच मोडून काढला होता.

"पण लोकांनी मतदान केले ना?" असे विचारले जाईल. चला, ते मतदानही बघू. त्यासाठी अटलांटाला जावे लागेल. ज्या डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, त्यांनी अनेक वर्षे शिकवले ते हेच शहर.

तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे नाव मार्टा. १९६८ साली तिचा रेल्वेचा प्रस्ताव मतदानात पडला. आराखडा ठरवताना काळ्या समाजाला विचारलेच नव्हते, आणि त्या समाजाने मतपेटीतून उत्तर दिले. १९७१ साली एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांच्याशी बोलणी करावी लागली. गरिबांवर पडणाऱ्या बोजाची भरपाई म्हणून बसचे भाडे ४० सेंटवरून १५ सेंटवर आणून सात वर्षे तिथेच ठेवायचे ठरले. पेरी होम्स या काळ्या लोकांच्या सरकारी वसाहतीपर्यंत रेल्वे नेण्याचे वचन दिले गेले. फुल्टन आणि डीकाल्ब या दोन काउंट्यांनी निसटत्या बहुमताने होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेट या तेव्हाच्या गोऱ्या उपनगरी काउंट्यांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. कॉब काउंटी तर १९६५ सालीच बाहेर पडली होती.

हा नकार करवाढीच्या भीतीचा होता, असे म्हणून सोडून देता येणार नाही. मार्टाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा "काळ्यांना झटपट शहरातून फिरवणारी गाडी" अशा अर्थाचा कुत्सित विस्तार गोऱ्या लोकांत रूढ झाला होता. गाडी आली तर तिच्यातून 'ते' लोक आमच्या दारात येतील, ही खरी भीती. ही भीती ओळखायला आम्हाला भाषांतर लागत नाही. विहीर सगळ्यांची झाली तर आम्ही दुसरी खोदू म्हणणारे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघितले आहेत.

आणि वचनाचे काय झाले? १५ सेंट भाडे ठरल्याप्रमाणे मिळाले, कारण ते लगेच अमलात आणायचे होते आणि संघटित समाज डोळ्यांत तेल घालून बसला होता. पेरी होम्सचे स्टेशन कधीच झाले नाही. ती शाखा १९९२ साली बँकहेडपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे वसाहतच पाडली गेली. कर मात्र त्या वसाहतीतल्या माणसांनी प्रत्येक खरेदीवर भरला होता.

हीच गोष्ट पुन्हा घडली. क्लेटन काउंटी पुढे काळ्या बहुसंख्येची झाली. २०१० साली तिथली बससेवा बंद पडली. गाडी नसलेल्या माणसाने कामावर जायचे कसे? २०१४ साली तिथल्या लोकांनी मार्टासाठी एक टक्का कर प्रचंड बहुमताने स्वीकारला. त्यांना बसबरोबर प्रवासी रेल्वेचे स्वप्न दाखवले होते. पुढे रेल्वे मागे पडली आणि तिच्या जागी जलद बसमार्गाची योजना आली. ग्विनेटने मात्र २०१९ आणि २०२४ साली पुन्हा नकारच दिला.

लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली वाहतूक संस्थेने बसचे भाडे वाढवायचे आणि मासिक पास बंद करायचे ठरवले. त्याच सुमारास पासाडेनाच्या रेल्वेमार्गाला पैसा दिला जात होता. बसमधले प्रवासी बहुतेक गरीब, काळे, लॅटिनो, आशियाई. बस रायडर्स युनियन नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात गेली. १९९६ साली संस्थेला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला: भाडेवाढीला लगाम आणि बसमधली गर्दी कमी करण्याची हमी. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्यांची वाट अरुंद केली. त्या कायद्याखाली आता परिणाम विषम आहे एवढे दाखवून नागरिकाला दाद मागता येत नाही. हेतू सिद्ध करा म्हणतात. जातीयवादी हेतू कागदावर कोण लिहून ठेवतो?

इथे एक सापळा आहे. "विक्रीकर अन्यायाचा आहे" असे म्हणून आम्ही नुसता नकार दिला, तर ग्विनेटच्या बंगलेवाल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहू. गरिबाला गाडी हवीच आहे. क्लेटनच्या लोकांनी डोळे मिटून कर स्वीकारला नव्हता, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. म्हणून प्रश्न होकार की नकार एवढाच नाही. अटी कोण घालतो, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे २०१७ साली जीएसटी आल्यावर जिल्ह्याने स्वतःचा विक्रीकर लावण्याचा विषयच उरला नाही. पण म्हणून आपण निश्चिंत राहायचे का? अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलायचा ठरला. राज्याच्या तिजोरीत जीएसटी भूमिहीन मजुराच्या साबणातूनही येतो. दुसरीकडे मुंबई, पुणे, नागपुरात मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार आहे. जमिनीच्या व्यवहारातून रेल्वेचा पैसा काढता येतो, हे त्यातून दिसते. आणि याच महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर लावून शहरातल्या कमावत्यांकडून रोजगार हमीसाठी पैसा उभा केला होता. ज्याला परवडते त्याच्याकडून घ्या, ज्याला गरज आहे त्याला द्या, ही परंपरा आपल्या घरचीच आहे. आयात करावी लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रेल्वेसाठी पैसा हवा तर स्टेशनभोवती ज्यांच्या जमिनीचे भाव वाढतात त्यांच्याकडून आधी घ्या. रेल्वेसाठी बसच्या फेऱ्या कापू नका. वस्तीचे स्टेशन आराखड्याच्या शेवटच्या टप्प्यात ढकलू नका, ते पहिल्या टप्प्यात बांधा. दिलेले वचन भाषणात ठेवू नका, मोडले तर कोर्टात दाखवता येईल अशा करारात लिहा.

पेरी होम्सने आम्हाला एवढे शिकवले आहे. आमच्या वस्तीचे नाव नकाशावर बघून आम्ही आता मत देणार नाही. आधी फलाट दाखवा.

जय भीम!