अकरा वर्षांचा मालक

विश्रामबागवाडा म्हटले की पुणेकर दुसऱ्या बाजीरावांचे नाव घेतो. वाडा त्यांचाच, यात वाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोनेक लाख रुपये खर्चून त्यांनी तो राहण्यासाठी बांधला. कोरीव सागवानी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब आजही बाजीराव रस्त्यावरच्या माणसाची मान वर करायला लावतात. पण धन्याचा मुक्काम उणापुरा अकरा वर्षांचा. १८१८ साली राज्यच गेले.

वाडा मात्र रिकामा राहिला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. तीच वाढत पुढे डेक्कन कॉलेज झाली. मग सरकारी हायस्कूल आले. विसाव्या शतकात नगरपालिका आणि नंतर महापालिका इथून शहराचा गाडा हाकत होती. पुढे वरच्या मजल्यावर ग्रंथालय, खाली टपाल कार्यालय. पेशव्यांच्या वाड्यात पुणेकर वर्षानुवर्षे पोस्टाच्या रांगेत उभे राहिले, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

मे १८७९ मध्ये बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही आगीत सापडले. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला. तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभा राहिला. परागंदा पेशव्याच्या महालासाठी पुणेकरांनी खिशात हात घातला असता का, याची शंका आहे. मुलांच्या शाळेसाठी घातला असणार.

हल्ली वारसा जपायचा म्हणजे आधी वापर थांबवायचा, कचेऱ्या हलवायच्या, मग रंगरंगोटी करून दाराशी तिकीटखिडकी उघडायची, अशी रीत पडू लागली आहे. तुळयांची दुरुस्ती व्हायलाच हवी. कचेऱ्यांनी ठोकलेली पार्टिशने आणि लोंबत्या वायरीही निघायलाच हव्यात. पण तिकीट काढून माणूस एकदा येतो, फोटो काढतो, पुन्हा फिरकत नाही. पुस्तक बदलायला येणारा मात्र दर आठवड्याला येतो, आणि छत गळू लागले की पहिली बोंब तोच मारतो. पुरातत्त्वाच्या कोणत्याही खात्याला असा बिनपगारी राखणदार मिळणार नाही.

म्हणून विश्रामबागेच्या फलकावर बाजीरावांच्या नावाखाली पाठशाळा, हायस्कूल, पालिका, पोस्ट, ग्रंथालय अशी यादी ओळीने लिहावी. आणि खाली एक ओळ कोरी ठेवावी, पुढच्या भाडेकरूसाठी.